कोकणात मातीचं योगकेंद्र: पावसाळ्यात तिथे कोण राहणार, हे आधी ठरवा

विचारणाऱ्या ताई पुण्यात योग शिकवतात. कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी त्यांची ३ एकर काजूची बाग आहे आणि एका कडेने व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो. एका वेळी १६ जणांचं निवासी शिबिर घेता येईल अशी जागा त्यांना माती, बांबू आणि गवतातून उभी करायची आहे. सिमेंट अजिबात नको. सोबत बालीतल्या बांबूच्या हॉलचे फोटो जोडलेत. प्रश्न तीन: माती कुठली, बांबू कुठला आणि खर्च निम्म्यावर येईल ना?

तळकोकणात आणि गोव्यात मी बरीच वर्षं हेच काम करतो, तेव्हा स्पष्टच सांगतो. माती आणि बांबू हा नंतरचा प्रश्न आहे. तुमची शिबिरं कोणत्या महिन्यांत असणार? बहुधा नोव्हेंबर ते मार्च. मग जून ते सप्टेंबर ही सगळी घरं कुलपात. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. म्हणजे तुमची खरी अडचण आहे ती भर पावसात बंद राहणाऱ्या मातीच्या घराची. बाकी सगळं यावर ठरतं.

आजीचं मातीचं घर किती वर्षं टिकलं हे प्रत्येक जण सांगतो. ते खरंही असतं. पण त्या घरात रोज दोन वेळा चूल पेटायची. धूर माळ्यावरून, वाशांमधून, कौलांच्या फटींतून बाहेर जायचा. वासे काळे पडायचे, त्यांना भुंगा लागत नसे आणि छपराखालची हवा कोरडी राहायची. दर आठवड्याला कुणीतरी जमीन सारवायचं. भिंतीवर वाळवीची नळी दिसली की त्याच दिवशी केरसुणीने झाडली जायची. मे महिन्यात शाकारणी व्हायची, पश्चिमेच्या भिंतीला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधली जायची. माणसं आत राहत होती म्हणून ते घर टिकलं. तुम्ही ते घर घ्याल आणि त्यातली चूल, केरसुणी, शाकारणी वगळाल, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर गाद्यांना बुरशी, बांबूखाली पिठासारखा भुसा आणि चौकटीत वाळवी सापडेल. मग दोष मातीला दिला जातो.

म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी एकच असतो: पहिलं घर राखणदाराच्या कुटुंबाचं बांधा, पाहुण्यांचं नंतर. आपल्याकडे शेतात मांगर, म्हणजे शेतावरचं छोटं घर असतं, तसं नीटस, दोन खोल्या, पडवी आणि धुराची चूल असलेलं घर. ते कुटुंब पावसात रोज दारं-खिडक्या उघडेल, आठवड्यातून एकदा प्रत्येक खोलीत धुरी देईल, सरकलेलं कौल जागेवर बसवेल. त्यांचा बारा महिन्यांचा पगार तुमच्या हिशेबात बसत नसेल, तर मातीचं केंद्र बांधू नका. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, कौलं आणि फरशी असं साधं घर बांधा. त्यातही कमीपणा काही नाही.

आता योगाच्या जागेबद्दल. यावर जरा जास्त बोलतो, कारण फोटो पाहून आलेले लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, योगमठ कसा असावा ते सांगितलंय: दार लहान, भिंतीला भोकं नाहीत, जमिनीत खळगे नाहीत, फार उंच नाही की फार बुटका नाही, शेणाने दाट सारवलेला, किडा-मुंगी नसलेला आणि बाहेर मंडप, ओटा, विहीर, भोवती कुंपण. चारी बाजूंनी उघडा हॉल त्यात नाही. ज्यांनी साधनेसाठी जागा आखली त्यांनी आतली खोली बंदिस्त ठेवली आणि निसर्ग मंडपात ठेवला. कोकणात मला ही विभागणी अजूनही बरोबर वाटते. डासांच्या वेळी उघड्या मंचावर शवासन करून बघा म्हणजे पटेल.

तेव्हा दोन जागा करा. एक पक्का हॉल आणि एक हंगामी माटव. माटव म्हणजे आपल्याकडे सणासमारंभाला घालतात तोच: पोफळीचे किंवा बांबूचे खांब, वर विणलेल्या झावळ्या. दिवाळीच्या सुमारास खळं (अंगण) चोपून, शेणाने सारवून तयार करायचं, वर माटव घालायचा आणि मे महिन्यात उतरवून ठेवायचा. तुमचा हंगाम आणि माटवाचा हंगाम एकच आहे, हे तुमचं नशीब. शेणाची जमीन, गवताचं छप्पर, चारी बाजूंनी वारा असं जे जे तुम्हाला हवंय ते सगळं इथे बिनधास्त करता येतं, कारण पावसाशी त्याची गाठच पडत नाही. झावळ्या दरवर्षी नव्या, जुन्या माडांच्या आळ्यात. खर्च मजुरीचा तेवढा. शेणाच्या जमिनीवर मॅट घालून घाम गाळला की मॅटच्या पाठीला शेण चिकटतं, तेव्हा माटवात मॅटऐवजी चटया आणि सतरंज्या ठेवा. प्राणायाम, ध्यान आणि सकाळची हलकी आसनं तिथे घ्या.

पक्क्या हॉलचं माप: प्रत्येकी ३० ते ३५ चौरस फूट, शिक्षकाची जागा आणि लोड, पट्टे, ठोकळे ठेवायचं कपाट धरून १६ जणांना ७०० चौरस फूट पुरतात. २० बाय ३५ फूट घ्या. रुंदी २० फुटांच्या पुढे नेली की मध्ये खांब येतो किंवा छप्पर एकदम महाग होतं. पहाटेचं सत्र पूर्वेकडे तोंड करून घेणार असाल तर हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून तिरका थेट डोळ्यांत येतो, तेव्हा मोठी उघडी बाजू ईशान्येला ठेवा किंवा पूर्वेला चिकाचे, म्हणजे बांबूच्या काड्यांचे, पडदे सोडा. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू बंद भिंतीची, तिच्याबाहेर पडवी. पाऊस तिकडूनच मारतो.

भिंती ठरवायच्या आधी तुमची शिकवण्याची पद्धत सांगा. दोऱ्या बांधून भिंतीवरची आसनं घेता का? मग ते हुक मातीच्या भिंतीत टिकणार नाहीत. एक अख्खी भिंत चिऱ्याची हवी, बोल्ट आरपार नेऊन मागे पट्टी बसवलेली. विद्यार्थी भिंतीला पाय टेकून हातांवर उभे राहतात का? मातीच्या गिलाव्यावर टाचांनी आठवड्याभरात खपल्या निघतात. त्या भिंतीवर ७ फुटांपर्यंत घोटलेल्या चुन्याचा गिलावा करा. बाकी तीन बाजूंना माती चालेल.

आतल्या जमिनीसाठी मी शेण सुचवणार नाही, कारण बंद हॉलमध्ये पावसाळ्यात ते सर्द होतं. जुन्या घरांच्या पाडकामातून निघालेल्या सागवानी फळ्या मिळाल्या तर उत्तम. खाली हवा खेळेल अशा, चौथऱ्यापासून उचलून बसवायच्या. नाहीतर चुन्याचा कोबा, नीट घोटलेला. थंड लागतो अशी तक्रार पुण्याहून आलेली मंडळी करतील, पण कोकणात थंडीपेक्षा ओल हा मोठा शत्रू आहे.

आता माती. तुमच्याकडची जांभ्याची लाल माती चांगली आहे. देशावरच्या काळ्या मातीसारखी ती पाण्याने फुगत नाही आणि सुकताना फारशी तडकत नाही. काचेच्या बरणीत मूठभर माती पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. खाली वाळू, वर गाळ, त्यावर चिकणमाती असे थर दिसतील. चिकणमाती साधारण पाचवा हिस्सा असेल तर काम होतं. कमी असेल तर शेताच्या बांधाची चिकट माती मिसळा, जास्त असेल तर वाळू. हे प्रमाण प्रत्येक खड्ड्याला बदलतं, म्हणून दुसऱ्याच्या बांधकामाचं मिश्रण तसंच्या तसं उचलू नका. दोन-तीन फूट लांबीची नमुन्याची भिंत घालून एक पावसाळा आडोशाखाली ठेवा आणि मग ठरवा.

जाडजूड, गोलाईच्या मातीच्या भिंती करता येतात, पण त्या वाळायला वेळ लागतो आणि आपल्याकडे कामाचे महिने जेमतेम सहा. मी इथे बहुधा असं करतो: जांभ्याचा चौथरा किमान २ फूट, पाऊस मारणाऱ्या बाजूंना अडीच, त्यावर खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत चिरा आणि वर कुडाची भिंत. कूड म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची किंवा कारवीची विणलेली चौकट, दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताच्या तुसाने लिंपलेली. हलकी, लवकर वाळणारी, दुरुस्तीला सोपी. वरून चुन्याची सफेदी. पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून दीड फुटापर्यंत उडतं आणि मातीच्या भिंती बहुतेक याच पट्ट्यात मरतात, म्हणून खालचा भाग दगडाचा. चिरे मातीत किंवा चुन्यात रचा, बाहेरून सांध्यांत चुना (दर्जा) भरा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र कधीही करू नका. आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत मागून भुसभुशीत होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे ताटाएवढे सुटतात. चुना लवकर घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून तो दगड बनतो. म्हणून त्याला ओलं गोणपाट बांधून जपावं लागतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात घाई करून चालत नाही.

सिमेंटशी माझं वैर नाही. संडास-न्हाणीघर, सेप्टिक टाकी, पाण्याची टाकी इथे ते वापरा. न्हाणीघरं मातीच्या खोलीला चिकटवू नका. पडवीने जोडलेला वेगळा चिऱ्याचा भाग करा. भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा हवा, लाकडी किंवा काँक्रीटचा. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून फार लांब झालेला नाही आणि मातीच्या भिंती कोपऱ्यांत फाटतात. मातीच्या घरांच्या भूकंपरोधनासाठी भारतीय मानक १३८२७ आहे. तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनीयरला ते वाचायला सांगा. बरेच जण हात वर करतील, जो करणार नाही त्याला धरा.

एवढ्या पावसात माती टिकते का, असा प्रश्न मनात असेल तर हिमाचल प्रदेशातल्या धरमशाळेच्या परिसरात जाऊन या. तिथेही मुसळधार पाऊस आहे. वास्तुरचनाकार दीदी कॉन्ट्रॅक्टर यांनी तिथल्या कांगडा खोऱ्यात मातीच्या विटा, बांबू आणि स्लेटच्या पाट्या वापरून अनेक घरं बांधली. २०२१ मध्ये त्या गेल्या. बीरमधली धर्मालय संस्था त्यांच्याच आराखड्यातली, आणि तिथे ध्यानाची शिबिरं होतात. तिथे भिंतींपेक्षा छपराच्या बाहेर आलेल्या वळचणी आणि दगडी चौथरे बघा.

छपराबद्दल थोडक्यात. गवताचं किंवा झावळ्यांचं छप्पर पक्क्या हॉलवर नको. आपल्या पावसात ते दरवर्षी-दोन वर्षांनी बदलावं लागतं, त्यात उंदीर होतात, उंदरांमागून साप येतात, आणि स्वयंपाकघराची ठिणगी हा धोका वेगळाच. मंगळुरी कौलं घाला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ती किनाऱ्यावर स्वतःला सिद्ध करून बसली आहेत. जुनी कौलं विकत मिळतात, कारण लोक ती उतरवून पत्रे घालतायत. त्याचं कारण माकडं. काजूच्या बागेत माकडं येणार आणि कौलं फुटणार, हे गृहीत धरा. कौलांखाली पत्र्याचा थर द्या. वरून कौलांमुळे पावसाचा ताशा वाजत नाही, फुटलं तरी आत गळत नाही. आतून बांबूची चटई लावली की पत्रा दिसतही नाही. हे शुद्ध नैसर्गिक नाही, मान्य आहे. वळचण किमान ३ फूट, नैर्ऋत्येला ४.

बालीतले ते वळणदार हॉल मनातून काढून टाका. तिकडचा बांबू जाडजूड असतो, त्याच्या एकेका काठीचा खांब होतो. तुमच्या तालुक्यातला माणगा बांबू बारीक पण जवळजवळ भरीव असतो. तो फार चांगला बांबू आहे, फक्त त्याच्याकडून काम वेगळ्या पद्धतीने घ्यावं लागतं. चार-सहा काठ्यांचे जुडगे बोल्टने आवळून कैच्या (छपराच्या त्रिकोणी चौकटी) केल्या की २० फुटांचा गाळा आरामात निघतो. काठी तीन-चार वर्षांची हवी, तोड पावसाळा संपल्यावर, कोवळी काठी घेऊ नका. गावकरी अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात आणि वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवतात; बुडवण्यामागचं कारण पक्कं आहे, काठीतलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि भुंग्याला खायला उरत नाही. त्यानंतर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया. कुडाळमध्येच कोनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, तुम्हाला लांब जायला नको. ही प्रक्रिया पाण्याने धुऊन निघते, म्हणून बांबूवर पाऊस पडता कामा नये आणि काठी जमिनीत गाडायची नाही. खाली चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा पाया हवा.

इथपर्यंतचं एका ओळीत: दगडाचे पाय, रुंद छप्पर, मधल्या भागात माती, बांबू आडोशात, आणि जे पावसात टिकत नाही ते दरवर्षी उतरवायचं.

आता ‘निसर्गाशी जोडलेलं’ या तुमच्या शब्दांविषयी. काजूच्या बागेत साप असतात, आणि फुरसं हा विषारी साप पायवाटेच्या दगडांत बसतो. सुट्या चिऱ्यांचे गडगे (कुंपणाच्या बुटक्या भिंती) पायवाटेला लागून घालू नका, पायऱ्यांच्या फटी चुन्याने भरा, रात्रीच्या वाटेवर खालच्या पातळीवर मंद दिवे लावा. माकडतापाचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. २०१६ पासून दोडामार्ग आणि नंतर सावंतवाडी भागात त्याचे रुग्ण आढळले. तो गोचिडीतून पसरतो आणि कोरड्या महिन्यांत, म्हणजे काजूच्या आणि तुमच्या शिबिरांच्याच हंगामात. अनवाणी पाचोळ्यावरून चालण्याचा किंवा झाडाखाली आडवं पडण्याचा कार्यक्रम आखला असेल तर तो रद्द करा. घरांभोवतीचा १५-२० फुटांचा पट्टा झाडून स्वच्छ ठेवा, माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता कळवा, आणि तुमच्या गावाची स्थिती प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

व्हाळाच्या काठी खोल्या नकोत. पावसात तो कुठवर चढतो ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्या डोळ्यांवर विसंबू नका. पाण्याचा हिशेबही करा: माणशी रोज १३५ लिटर हे नेहमीचं मानक धरलं आणि स्वयंपाकी, मदतनीस मिळून २० माणसं धरली, तर रोज २,७०० लिटर. जांभ्यात पाणी मुरतं तसं लवकर निघूनही जातं. बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ दाखवतात. तुमच्या विहिरीचं पाणी मेच्या शेवटच्या आठवड्यात मोजा. ते कमी भरलं तर १६ ऐवजी १० जणांचं केंद्र करा. वापरलेलं पाणी केळी आणि अळवाला सोडा.

खर्च निम्म्यावर येणार नाही. माती तुमच्याच जागेतली, पण ती मळायला, लिंपायला, घोटायला माणसं लागतात, आणि चुन्याचं काम येणारे गवंडी थोडे उरलेत. तरुण मुलं मुंबईला नाहीतर गोव्यात. बांधकामाला बहुधा साध्या घराइतकेच पैसे लागतात, फक्त दुकानदाराऐवजी ते गावातल्या हातांत जातात. त्यावर दरवर्षीची देखभाल. सारवणाचं काम गावातल्या बायकांना शिकवावं लागत नाही, उलट त्या तुम्हाला शिकवतील. त्यांना मजुरी कारागिराची द्या, हेल्परची नव्हे.

परवानग्यांसाठी आधी सातबारा नीट वाचा. इतर हक्कांत ‘खाजगी वन’ असा शेरा असेल तर सगळं थांबवून वकिलाकडे जा. नसेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात तुमची बाग बसते का ते पाहा, आणि बिगरशेतीची गरज किती ते तलाठ्याऐवजी तहसील कार्यालयात लेखी विचारा.

यंदा हॉल बांधू नका. हा पावसाळा जागेवर निदान काही आठवडे काढा: पाणी कुठून येतं, कुठे साचतं, वारा कुठल्या बाजूने मारतो ते खुंट्या ठोकून ठेवा, आणि नमुन्याची भिंत पाहा. दिवाळीनंतर राखणदाराचं घर सुरू करा, त्यातच गवंडी, सुतार आणि मिश्रण सगळ्यांची परीक्षा होईल. त्याच हिवाळ्यात खळं आणि माटव करून सहा-आठ जणांचं शिबिर घ्या, राहायची सोय गावातल्या घरांत. लोक कुठे बसतात, कुठे सावली शोधतात, कितीजणांना उघडं छान वाटतं आणि कितीजण दुसऱ्या रात्री खिडकी लावून घेतात, हे बघून हॉलचा नकाशा काढायला बसा.